पोटातलं पाणी हलणारच: शिडाच्या होडीवरचा पहिला मोसम

"शीट सोड!"

शिडाची होडी शिकवणाऱ्या क्लबात पहिल्याच रविवारी हा हुकूम कानावर आला आणि मी इमानदारीत शीड सोडलं. म्हणजे डोलकाठीच्या बुडाशी गुंडाळून ठेवलेली दोरी सोडली, आणि अख्खं मोठं शीड चौघांच्या डोक्यावर धाडकन खाली आलं. मार्च महिना, दुपारचे तीन, समोर गेटवे. एलिफंटाहून परतणाऱ्या लाँचमधले लोक मोबाइल काढून आमच्याकडे बघतायत. कापडाखालून सरांचा आवाज आला, "अरे, शीट म्हणजे दोरी!"

मराठी माणसाचा हा ठरलेला घोळ आहे. शीड म्हणजे कापड. शीट म्हणजे त्या कापडाच्या मोकळ्या कोपऱ्याला बांधलेली, शीड आत ओढायची किंवा बाहेर सोडायची दोरी. आपल्या तांडेलांच्या, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशांच्या, भाषेत तिला दामण म्हणतात, आणि सर "दामण ढिली कर" म्हणाले असते तर कदाचित माझी फजिती टळली असती. पण क्लबांतून शिकवणारे बहुतेक जण नौदलातले किंवा लष्करातले, त्यांच्या तोंडी शीटच. तेव्हा हे दोन शब्द आजच वेगळे करून ठेवा.

या गोष्टीत माझं म्हणणंही आलं. होडीवरचा प्रत्येक शब्द हा कुठल्यातरी हाताला दिलेला हुकूम असतो. पन्नास शब्दांची यादी घरी बसून घोकलीत तरी वाऱ्याची झुळूक आली की त्यातला एकही आठवत नाही. हाताला ज्या क्रमाने लागतात त्या क्रमाने शिकले तर दोन रविवारांत पंधरा-वीस शब्द पक्के होतात, आणि पहिल्या मोसमाला तेवढे पुरतात. हा लेख त्या क्रमाने लिहिला आहे.

निघण्याआधी

मुंबईत शिडाचा मोसम साधारण ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात होड्या वर ओढून झाकून ठेवतात. मासेमारीलाही आपल्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै बंदी असते, आणि रीतीप्रमाणे कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण केल्याशिवाय समुद्राला हात लावत नाहीत. शिकायला सुरुवात करायची तर नोव्हेंबर उत्तम. वारा सौम्य, ऊन सोसेल इतपत.

पोहता येत नसेल तर आधी ते शिका. लाइफ जॅकेट घालायचंच, पण पाण्यात पडल्यावर घाबरून न जाणं हे जॅकेट शिकवत नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ शर्ट, ओली झाली तरी जड न होणारी अर्धी चड्डी, पांढऱ्या तळव्याचे बूट (काळे तळवे डेकवर डाग पाडतात आणि मग ते घासायला तुम्हालाच बसवतात), टोपी आणि टोपीला दोरी. चष्मा असेल तर त्यालाही दोरी. मोबाइल किनाऱ्यावर. माणशी दोन लिटर पाणी. अंगठ्या, कडं, घड्याळ काढून ठेवा, दोरीत बोट अडकलं की अंगठी सोडत नाही.

"मर्चंट नेव्हीला याचा उपयोग होतो का" असं दर वर्षी एक तरी पालक विचारतो. ती वाट वेगळी, तिचे कोर्स आणि कागदपत्रं वेगळी. पण दोऱ्या आणि वारा समजणारा पोरगा कुठल्याही जहाजावर वाया जात नाही, इतकंच सांगेन.

आधी वारा, मग होडी

नवा माणूस आला की होडीत चढायच्या आधी मी त्याला धक्क्यावर उभा करतो आणि डोळे मिटायला सांगतो. मान हळूहळू फिरवायची. दोन्ही कानांवर वारा सारखाच लागायला लागला की थांबायचं. नाक जिकडे, तिकडून वारा. हे रोज करा, रेल्वे फलाटावर करा, गच्चीत करा. होडीवर पुढचं सगळं या एका उत्तरावर उभं आहे.

वाऱ्याला नाव मिळतं तो जिथून येतो त्या दिशेवरून. वायव्येचा वारा म्हणजे वायव्येकडून येणारा. पाण्याच्या प्रवाहाचं उलट, तो जिकडे जातो ती त्याची दिशा. हे मुद्दाम गोंधळात पाडायला केलंय असं वाटतं, पण सगळ्या जगात असंच आहे.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे यांवर दोन मार्कांचा प्रश्न असायचा. मुंबई बंदरात तो प्रश्न रोज डोळ्यांसमोर सुटतो. हिवाळ्यात पहाटे जमीन गार, समुद्र त्या मानाने उबदार. जमिनीवरून समुद्राकडे मंद मतलई वाहत असतो. दहा-अकराला तो मरतो. मग तासभर, कधी दोन तास, पाणी तेलासारखं गुळगुळीत. शिडं लोंबतात, माणसं डबे उघडतात. एकच्या सुमाराला पश्चिम-वायव्येला पाण्यावर गडद रेघ दिसते, ती पुढे सरकत येते, आणि खारा वारा शिडाला लागतो. मार्च-एप्रिलमध्ये तीन-चारच्या सुमाराला तो चांगला दमदार होतो. लाटांच्या शेंड्यांवर मधूनमधून पांढरा फेस दिसायला लागला की वारा दहा नॉटच्या आसपास आहे असं समजा. जिकडे बघाल तिकडे फेस दिसला तर नवख्यांनी परत फिरावं.

नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल, म्हणजे १.८५२ किलोमीटर. सागरी मैल हा अक्षांशाच्या एका मिनिटाइतका, त्यामुळे नकाशाच्या कडेवरूनच अंतर मोजता येतं. नॉट म्हणजे गाठ. जुन्या जहाजांवर ठरावीक अंतरावर गाठी मारलेली दोरी मागे पाण्यात सोडत आणि ठरावीक वेळात किती गाठी हातातून गेल्या ते मोजत. म्हणून "तासाला दहा नॉट" म्हणू नका. तासाला हे त्यात आलंच, आणि जुने खलाशी हसतात.

हाताला लागतात त्या क्रमाने शब्द

होडीत बसलात की पहिली गोष्ट हाताला लागते ती टिलर. सुकाणू पाण्यात असतं, टिलर हा त्याचा हातात धरायचा दांडा. टिलर ढकलाल त्याच्या विरुद्ध बाजूला होडी वळते. स्कूटर चालवणाऱ्यांना हे पहिला अर्धा तास छळतं. उपाय एकच: टिलर हळू हलवा आणि नजर होडीच्या नाकाकडे ठेवा, स्वतःच्या हाताकडे नाही. या नाकाला आपल्याकडे नाळ म्हणतात. हा शब्द कोळीवाड्यात ऐकाल, क्लबात मात्र बो.

दुसरी वस्तू शीट, तिचा किस्सा झालाच. मोठ्या शिडाची ती मेनशीट, पुढच्या लहान तिकोनी शिडाची, म्हणजे जिबची, ती जिबशीट. जिबला दोन शीट असतात, एक डावीकडून आणि एक उजवीकडून. एका वेळी एकच ताणलेली, दुसरी ढिली.

तिसरी हॅलिअर्ड, जिला हात लावून मी शीड पाडलं. शीड वर चढवणारी दोरी ती हॅलिअर्ड, चढवल्यावर क्लीटला अडकवून ठेवायची आणि परत येईपर्यंत विसरायची. क्लीट म्हणजे दोन शिंगांची खुंटी. दोरी आधी बुडाभोवती एक पूर्ण वेढा, मग शिंगांवरून इंग्रजी आठ, आणि शेवटचा वेढा उलटा पिळून खाली दाबून. तीन-चार आठ घालणारा माणूस नवखा समजावा, एक-दोन पुरतात. घाईत सोडायची वेळ आली की जास्तीचे वेढे महाग पडतात.

मग बूम. मोठ्या शिडाच्या खालच्या काठाला आधार देणारी आडवी काठी. आपल्या जुन्या गलबतांना आणि मचव्यांना ती नसे. तिथे डोलकाठीवर तिरकी चढवलेली लांब काठी, म्हणजे परबाण, आणि त्याला बांधलेलं तिकोनी शीड. आजच्या होड्यांना बूम असते आणि ती बरोबर डोक्याच्या उंचीवरून फिरते. पहिल्या महिन्यात प्रत्येकाच्या कपाळाला एकदा तरी लागते. नाव कसं पडलं हे तेव्हा वेगळं सांगावं लागत नाही.

आणि सेंटरबोर्ड, होडीच्या पोटातून पाण्यात खाली सोडायची फळी. ती दिसत नाही म्हणून विसरली जाते. वारा बाजूने ढकलत असताना होडी आडवी घसरू नये, पुढे सरकावी, हे काम तिचं. फळी वर राहिली तर होडी खेकड्यासारखी तिरकी चालते आणि माणूस टिलरला शिव्या घालत बसतो.

आता डावी-उजवी. नाळेकडे तोंड करून उभं राहिलं की डावी बाजू पोर्ट, उजवी स्टारबोर्ड. "डावीकडे" का म्हणायचं नाही? कारण होडीत निम्मी माणसं पुढे तोंड करून बसलेली असतात, निम्मी मागे, आणि प्रत्येकाची डावी वेगळी. पोर्ट मात्र होडीची असते, ती फिरत नाही. स्टारबोर्ड हा शब्द सुकाणूवरून आला. युरोपात पूर्वी सुकाणू म्हणजे उजव्या बाजूला बांधलेलं मोठं वल्हं असे, ते चिरडू नये म्हणून धक्क्याला डावी बाजू लावत. रात्री पोर्टला लाल दिवा, स्टारबोर्डला हिरवा, पाठीमागे पांढरा. लक्षात ठेवायच्या युक्त्या पुष्कळ ऐकल्या, एकही टिकली नाही. शेवटी दोन महिने डाव्या मनगटाला लाल दोरा बांधून फिरलो. आईला वाटलं कुठल्या तरी देवाचा आहे.

याखेरीज वाऱ्याकडची बाजू आणि वाऱ्याआडची बाजू, क्लबात विंडवर्ड आणि लीवर्ड. बसायचं वाऱ्याकडे, म्हणजे होडी कलली की वजन तिला सावरतं. उलटी आली तर मात्र वाऱ्याआड जायचं. हा नियम एकदा मोडलात की पुन्हा सांगावा लागत नाही.

वाऱ्याच्या तोंडावर जायचं कसं

वारा समोरून येत असेल तर कुठलीही शिडाची होडी सरळ त्याच्या तोंडावर जाऊ शकत नाही. वाऱ्याच्या दिशेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा बंद. त्यात घुसलात की शीड झेंड्यासारखं फडफडतं, होडी थांबते आणि हळूहळू मागे जायला लागते. याला "आयर्न्समध्ये सापडणं" म्हणतात. सापडलात तर घाबरू नका. जिब एका बाजूला हाताने ताणून धरा, नाळ आपोआप वळते.

म्हणून वर जायचं ते नागमोडी. ४५ अंशांवर उजवीकडे, मग वळून ४५ अंशांवर डावीकडे. सरळ रेषेतला एक मैल असा कापताना पाण्यातून जवळजवळ १.४ मैल जावं लागतं. प्रत्येक वळण म्हणजे एक टॅक. नाळ वाऱ्यातून पलीकडे नेणं म्हणजे टॅक करणं. बोलायची पद्धत ठरलेली:

सुकाणूवाला विचारतो, "रेडी टू टॅक?"

बाकीच्यांनी आपापली शीट हातात आहे, पायात गुंता नाही, हे बघूनच म्हणायचं, "रेडी!" मान डोलवून भागत नाही. वाऱ्यात मान दिसत नाही.

"टॅकिंग!" आणि टिलर शिडाकडे ढकलायचा. जिब फडफडायला लागली की जुनी जिबशीट सोडायची, वाकून बूमखालून पलीकडे सरकायचं, नवी ओढायची. सोडायची घाई करू नका. जिब वाऱ्याने भरलेली असताना सोडलीत तर वेग जातो आणि होडी मध्येच अडकते. माझ्या अंदाजाने दहातले आठ फसलेले टॅक याच घाईने फसतात.

शीड किती ओढायचं याचा साधा हिशेब: आधी सोडत जा, पुढची कड थरथरायला लागेपर्यंत. मग थरथर थांबेल एवढंच ओढा. तेवढंच. नवखे लोक शीट दोरीखेचीसारखी ओढून बसतात, होडी कलते, पाणी उडतं, आपण फार वेगात आहोत असं वाटतं. बाजूने सत्तरीचे एखादे काका सैल शीड आणि सैल चेहरा ठेवून पुढे निघून जातात.

पाठीमागून वारा असला की सोपं, असं वाटतं. "वारा येईल तशी पाठ द्यावी" ही म्हण जमिनीवरच्या लोकांनी केली असणार. पाठीवर वारा घेतलेल्या होडीत शीड पूर्ण बाहेर असतं, आणि दिशा जरा चुकली की वारा शिडाच्या मागून शिरतो आणि बूम एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला सणसणत येते. हे ठरवून, शीट आधी आत ओढून केलं तर जाइब. न ठरवता झालं तर अपघात. म्हणून पहिल्या मोसमात वारा नेमका पाठीवर कधी घेऊ नका, थोडा तिरका घ्या, मागच्या कोपऱ्यावरून. दोन मिनिटं उशीर होईल, कवटी शाबूत राहील.

भरती-ओहोटी: कॅलेंडर बघायला शिका

तळ्यात शिकलेली मुलं मुंबईत आली की इथे अडकतात. हैदराबादच्या हुसेनसागरात शिडाच्या मोठ्या शर्यती होतात, तिथली पोरं टॅक आमच्यापेक्षा सुरेख मारतात. पण तळं जागच्या जागी असतं. मुंबईचं पाणी उधाणाच्या दिवसांत चार मीटरहून जास्त चढतं-उतरतं, आणि एवढं पाणी बंदराच्या तोंडातून आत-बाहेर जाताना दोन-तीन नॉटचा प्रवाह होतो. तुमची होडी हलक्या वाऱ्यात तीन नॉटने चाललीय आणि समोरून तीनचाच प्रवाह आहे, तर पाण्यावर फेस दिसेल, वेग वाटेल, आणि ताज हॉटेल तासभर तिथल्या तिथेच दिसेल.

उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेच्या आसपासची मोठी भरती-ओहोटी. भांग म्हणजे अष्टमीच्या आसपासची लहान. वेळेसाठी आता मोबाइलवर तक्ते मिळतात, ते जरूर पाहा. पण किनाऱ्यावरची जुनी रीत मला अजून आवडते: तिथीची पाऊणपट करा. चतुर्थी असेल तर चाराची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती, दुपारी आणि पहाटे दोन्ही. अष्टमीला सहा. अमावास्या-पौर्णिमेला बारा. भरतीपासून सव्वासहा तासांनी ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण भिंतीवर कॅलेंडर असलेल्या कुठल्याही घरात चहा पिता पिता उत्तर मिळतं. रेवसच्या एका तांडेलांनी मला हे शिकवलं. मी मोबाइल काढत होतो तोवर त्यांचं सांगून झालं होतं.

पाणी सारख्या वेगाने चढत नाही. सहा तासांचे सहा भाग धरले तर चढणाऱ्या पाण्याचे बारा हिस्से करून पहिल्या तासाला एक, मग दोन, तीन, तीन, दोन, एक. चढ चार मीटरचा असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी पूर्ण एक मीटर. प्रवाहही याच दोन तासांत सगळ्यात जोरकस. निघायचं ओहोटीबरोबर, परतायचं भरतीबरोबर. मांडव्याहून येणारी मंडळी हे न पाहता निघतात आणि काळोखात पोचतात.

वाट कोणाची

दोन शिडाच्या होड्या समोरासमोर आल्या तर वारा कोणाच्या कुठल्या बाजूने येतोय ते बघा. पोर्टकडून वारा घेणाऱ्याने, म्हणजे पोर्ट टॅकवर असणाऱ्याने, वाट द्यायची. दोघांचा टॅक एकच असेल तर वाऱ्याकडच्याने. मागून ओलांडणाऱ्याने नेहमीच. "स्टारबोर्ड!" अशी आरोळी ऐकलीत आणि तुम्ही पोर्टवर असाल तर वाद न घालता वळा.

इंजिनवाल्याने शिडवाल्याला वाट द्यावी असा नियम आहे, आणि त्यावर विसंबणारे लवकर शहाणे होतात. अरुंद खोल वाटेतून जाणाऱ्या मोठ्या जहाजाच्या आड शिडाच्या होडीने येऊ नये, हाही नियमच आहे. मुंबई बंदरात कंटेनरची जहाजं, तेलाची जहाजं अशाच वाटांनी येतात. त्या वाटेच्या दोन्ही कडांना बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, असतात. समुद्रातून आत येताना लाल डावीकडे, हिरवे उजवीकडे. जहाज लांबून संथ दिसतं, पण त्याला थांबायला बरंच अंतर लागतं आणि ते वरून चालवणाऱ्या माणसाला नाळेखालची तुमची होडी दिसतही नाही. गेटवे-मांडवा फेरीबोटींच्या लाटा वेगळ्याच. त्यांना नाळ देऊन तिरके कापा, बाजूवर घेऊ नका.

आपल्या किनाऱ्याची खास अडचण म्हणजे जाळी. डोल जाळी समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधलेली असतात, वर कुठे थर्माकोलचा तुकडा, कुठे प्लास्टिकचा कॅन, कुठे बांबूला लावलेलं काळं फडकं. दिवसा दिसतात, संध्याकाळी दिसत नाहीत. एका फडक्याच्या शेजारी दुसरं शोधा, दोन्हींच्या मधून जाऊ नका. सुकाणू अडकलंच तर शीड सोडा (या वेळी खरंच शीड), होडी थांबवा आणि हाताने सोडवा. सुरी शेवटची. ते जाळं कोणाचं तरी पोट आहे.

पहिली रात्र पाण्यावर

मोसमाच्या शेवटी कोणीतरी मोठ्या होडीवर जागा देतो. मुंबई ते गोवा सुमारे सव्वादोनशे सागरी मैल, सरासरी पाच नॉट मिळाले तर पंचेचाळीस तास. म्हणजे एक-दोन रात्री आल्याच.

बोट लागते. लागणारच, सगळ्यांना लागते, नौदलात वीस वर्षं काढलेल्यांनाही पहिल्या दिवशी मळमळतं. डोळे सांगतात खोली स्थिर आहे, कानाच्या आतला तोल सांगतो की नाही, आणि या भांडणात पोट बळी जातं. म्हणून खाली केबिनमध्ये जाऊ नका, मोबाइल वाचू नका, क्षितिजाकडे बघत बसा. सुकाणू हातात मागून घ्या, चालवणाऱ्याला कमी त्रास होतो. आलेपाक खिशात ठेवा. गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारून आणि निघायच्या आधी. एकदा सुरू झाल्यावर गोळी पोटात राहत नाही. उपाशी निघू नका, मिसळ खाऊनही निघू नका. बहुतेकांचं दीड-दोन दिवसांत थांबतं, म्हणजे नेमकं गोवा दिसायला लागल्यावर.

झोप पाळ्यांत असते. पाळीला वॉच म्हणतात, बहुधा चार तास काम आणि चार तास सुट्टी. रोज तीच रात्र तुमच्या वाट्याला येऊ नये म्हणून संध्याकाळी चार ते आठचे दोन तुकडे करायची जुनी पद्धत आहे. पाळीवर पाच मिनिटं आधी हजर राहायचं, हा समुद्रावरचा सगळ्यात मोठा शिष्टाचार. उशिरा उठणाऱ्याला कोणी काही बोलत नाही, चहाही देत नाही. सोपवताना दिशा, वारा, दिसणारे दिवे आणि त्यांतला कुठला सरकतोय, इतकं सांगायचं. एखादा दिवा त्याच दिशेला राहून मोठा होत असेल तर तो तुमच्यावरच येतोय.

स्वयंपाकाची शेगडी दोन कड्यांवर झुलती असते, होडी कलली तरी ती सपाट राहते. तरी उकळतं भांडं हे होडीवरचं सगळ्यात धोक्याचं सामान. आपला प्रेशर कुकर इथे राजा आहे. झाकण बंद, सांडत नाही, एका भांड्यात खिचडी. वाडगं खोल घ्या, ताट नको. गोडं पाणी मोजून वापरायचं, भांडी खाऱ्या पाण्यात घासून शेवटचा एकच फेर गोड्याचा. संडासाची वापरायची रीत (आधी झडप उघडा, पंप करा, झडप बंद करा) निघायच्या आधी धक्क्याला असतानाच दाखवून घ्या. लाजलात तर सगळ्यांना त्रास.

अंधार पडला की डेकवर एकट्याने फिरताना कमरेचा पट्टा होडीच्या दोरीला अडकवा. एक हात होडीसाठी, एक स्वतःसाठी. गोव्यात दिवाडी बेटावर बांधलेल्या छप्पन्न फुटी 'म्हादेई'वरून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली, असं करणारे ते पहिले भारतीय. पुढे अभिलाष टॉमी त्याच होडीतून २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता एकट्याने फिरून आले, आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी गोव्यातच बांधलेल्या 'तारिणी'वरून गेल्या. एकट्या माणसाचं काय होतं ते सोपं आहे: तो पडला तर होडी पुढे निघून जाते. २०१८ मध्ये हिंदी महासागरात वादळाने टॉमींच्या होडीची डोलकाठी मोडली, त्यांची पाठ जायबंदी झाली, आणि मदत येईपर्यंत ते होडीतच पडून होते. होडीत होते म्हणून सापडले.

पडलं-झडलं तर

लहान होडी उलटली तर तिला धरून राहा. किनारा कितीही जवळ दिसला तरी पोहत निघू नका, पाण्यातलं डोकं कोणाला दिसत नाही, होडीचं पालथं पोट दिसतं. माणसं मोजा, कोणी शिडाखाली नाही ना ते बघा, मग सेंटरबोर्डवर उभं राहून होडी सरळ करा. हे शांत दिवशी मुद्दाम उलटवून शिकवतात, तो वर्ग चुकवू नका.

माणूस पडला तर एकाने ओरडायचं, एकाने तरंगणारं काहीतरी फेकायचं आणि एकाने फक्त त्याच्याकडे बोट दाखवत राहायचं. त्याने दुसरं काहीही करायचं नाही, नजर हलवायची नाही. रेडिओ असेल तर व्हीएचएफ चॅनल १६, जिवावर बेतलं असेल तर तीनदा "मेडे", होडीचं नाव, जागा, माणसं किती. मोबाइलला रेंज असेल तर तटरक्षक दलाचा १५५४.

परतल्यावर

शिडं गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत वाळवून घडी करायची. दोऱ्या उजवीकडे वेटोळे घेत गुंडाळायच्या, वेटोळं घालताना दर वेळी अंगठ्याने जरा पीळ द्या म्हणजे आठ पडत नाहीत. आणि मीटरभर जुनी दोरी मागून घरी आणा.

तिच्यावर एकच गाठ बसवा, बोलाइन. लहान फास करा, टोक खालून फासातून वर काढा, उभ्या दोरीच्या मागून फिरवा, त्याच फासातून परत खाली घाला, ओढा. ओढाल तितकी पक्की, आणि ओढ गेली की बोटाने सुटते. मी ती डोंबिवली लोकलमध्ये शिकलो, दारातल्या दांड्यावर. समुद्रावरून आलेल्या दिवशी गाडीत उभं राहिलं की जमीन हलल्यासारखी वाटते, गुडघे आपोआप लाट घेत असतात. तेव्हाच सराव करा. आधी बघत, मग न बघता, मग पाठीमागे हात नेऊन. घाटकोपरपर्यंत जमली तर पुढच्या रविवारी हॅलिअर्ड तुमच्या हातात देतील.